आगाशीहून आणलेला कोयता

जुना कोयता घेताना माणसानं तीन गोष्टी बघाव्यात, असं बोळिंजचा बाबू लोहार सांगायचा: पातं, मूठ आणि विकणाऱ्याचं तोंड. विनीनं पातं बघितलं, मूठ बघितली. तोंड बघायची वेळ आली तेव्हा तुळशीदास नेमका पान थुंकायला वळला होता.

आगाशीच्या बाजारात तुळशीदासचं दुकान म्हणजे एक भिंत आणि तिच्यावर एक पत्रा. भिंतीला मेलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या, नाहीतर मुंबईला नोकरीला लागलेल्या माणसांची हत्यारं टांगलेली. करवती, पटाशा, विळे, कुऱ्हाडी. तुळशीदास स्वतः दोनच वर्षांपूर्वी पालघरकडून येऊन इथं बसला, पण बोलणं असं, की गिऱ्हाइकाला वाटावं हा आपल्या बारशाला हजर होता.

"बाई, हा कोयता नाय, हा जावई हाय," तो म्हणाला. "घरी न्या. सगळी कामं करील आणि जेवायला मागणार नाय."

"मला लेक नाय."

"मग तर फारच स्वस्तात पडला की."

विनीला हसू आलं. हसलेली बाई घासाघीस करत नाही, हे तुळशीदासला पाठ होतं. तिनं पात्यावर नख मारलं. टण्ण करून आवाज आला, लांबपर्यंत गेला. पोलाद चांगलं होतं. मूठ कोरी, तेल पाजलेली.

"कोणाचा होता?"

"असंल कोणाचा तरी. कोयता काय कुळी सांगतो?" तो म्हणाला आणि थुंकायला वळला.

तिला घाई होती. तिचा स्वतःचा कोयता आठ दिवसांमागे केळीच्या बुंध्याशी लपलेल्या दगडावर बसला आणि टोकाकडनं बोटभर तुटला. बाबू लोहाराला नाताळापर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. अख्खं बोळिंज त्याच्याकडे विळेकोयते देऊन बसलेलं. आणि वाडीत केळी तर तयार झालेली. नाताळाच्या तोंडावर केळ्यांना जो भाव येतो तो पुढं येत नाही. केळी घेणाऱ्या आलोशियसचा टेम्पो दर गुरुवारी वाडीच्या तोंडाशी लागायचा. केळी थांबत नाहीत आणि आलोशियस तर मुळीच थांबत नाही.

तिनं कोयता जुन्या गोणपाटात गुंडाळला आणि विरारची बस पकडून घरी आली. आगाशी ते बोळिंज, अंतर ते किती. चालत गेलं तर रोझरीची एक माळ म्हणून होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाडीत शिरली. कमरेला आकडी बांधलेली, आकडीत कोयता, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. केळ्यांचा लोंगर उतरवायची एक रीत असते. केळीच्या कमरेत एक हलका घाव घालायचा, केळ आपण होऊन वाकते. मग लोंगर खांद्यावर घ्यायचा आणि वरचा दांडा एका घावात तोडायचा. एकाच. दोन घाव पडले की दांडा फाटतो, फाटलेला दांडा वाटेत सडतो, आणि सड खाली फण्यांत उतरते.

विनीनं घाव घातला. कोयता दांड्याला लागला आणि बाहेर घसरला, जसा शाळेला निघालेला पोरगा वळणावरून आंब्याकडे घसरतो तसा. दुसरा घातला. तो आत रुतून बसला. तिसऱ्या घावाला लोंगर सुटला, पण दांडा दोरखंडासारखा फाटून. चिकाची धार तिच्या गळ्यावरून पाठीत उतरली.

"नवा हाय, हाताला बसायला वेळ लागंल," ती स्वतःशीच म्हणाली.

नऊ लोंगर उतरवेपर्यंत मनगट आंबाड्यासारखं सुजलं. घरी आली तर सासू, थेरेसा, ओटीवर वाल सोलत बसलेली. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, पण कान असे, की शेजारच्या घरात कोणी मीठ चिमटीनं टाकलं की मुठीनं, हे तिला ओटीवरून कळावं.

"कोयता कोणाचा आणला गो?"

"बाजारातला, आय. जुना."

"आवाज ऐकलेला हाय."

"बाजारात ऐकला असशील. दीड डझन टांगलेत तिथं."

म्हातारीनं वालाचं साल फेकलं. "माझे डोळे गेलेत, कान नाय," ती म्हणाली.

*

गुरुवारी आलोशियस आला. हा माणूस लोंगर असा न्याहाळायचा जसा काही नवरी बघायला आलाय, आणि नापसंती सांगायची हौसही तीच. त्यानं एकेक दांडा हातात घेऊन फिरवला आणि नवांतले चार बाजूला काढले.

"वहिनी, हे दांडे कापलेत का उंदरांकडनं कुरतडून घेतलेत?"

टेम्पोवरचे दोघं हसले.

"कोयता नवा हाय," विनी म्हणाली.

"कोयता नवा आणि कापणारी बाई." त्यानं हिशेबाची वही काखेत मारली. "सॅन्टन असता तर एक दांडा फाटला नसता. मी म्हणतो, वाडी मला कसायला दे. दोन वर्षं वाट बघितली. आता माणूस येतो का?"

"तुला विचारून गेला नव्हता, तुला विचारून येणार नाय," विनी म्हणाली. टेम्पोवरचे दोघं परत हसले, पण ह्या वेळी आलोशियसला. तेवढंच समाधान. चार लोंगर मात्र वाडीच्या तोंडाशी पडून राहिले. ते तिनं एकटीनं पाठीवर घेऊन परत आणले.

सॅन्टन तिचा नवरा. डावखुरा. त्याच्या डाव्या हातानं लहानपणापासून सगळ्यांना वैताग दिलेला. धर्मशिक्षणाच्या मास्तरानं त्या हातावर वेताचे इतके फटके मारले, की सॅन्टन म्हणायचा, त्यामुळेच तो जास्त दणकट झाला. लग्नात त्यानं अंगठी विनीच्या भलत्याच हातात घातली. फादर खाकरले, वऱ्हाड हसलं, आणि ह्यानं शांतपणे सांगितलं, "माझ्या बाजूनं बरोबर हाय." गवत कापायला रांगेत सगळ्यांबरोबर उभा राहिला की शेजारच्याचा घोटा धोक्यात. म्हणून त्याला कायम टोकाला उभा करत. जेवताना शेजारी बसणाऱ्याच्या कोपराला कोपर. विनी पंधरा वर्षं त्याच्या डाव्या अंगाला बसून जेवली आणि तिच्या उजव्या कोपराला त्याची सवय झाली. अजून जेवताना ती थोडी सरकूनच बसायची.

आपल्या कोयत्याला तो कोणाचा हात लागू देत नसे. "दुसऱ्याचा हात लागला की धार रुसते," म्हणायचा. विनीनं तो कधी उचलूनसुद्धा बघितला नव्हता.

सत्त्याहत्तर साली त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं, मग खारं. केळीची पानं कडेनं जळाली. विहीर आणखी खोल नेली तर खारं पाणी जास्तच वर आलं. वाडीच्या वरच्या अंगाला नवी विहीर पाडायला पाहिजे होती. सॅन्टन म्हणाला, डहाणूकडे चिकूच्या वाड्यांत कामं आहेत, एक हंगाम करतो, विहिरीपुरतं घेऊन येतो. कोयता गोणपाटात गुंडाळून निघाला. विनी तेव्हा रागात होती. आदल्या दिवशीच दोन पाहुण्यांदेखत त्यानं विहिरीचं पाणी चाखून "आमटीला मीठ नको" असा विनोद केला होता. दारात उभी राहून ती म्हणाली, "रिकाम्या हातानं परत येऊ नको."

सॅन्टन हसला. तीही हसली असती, पण राग संपायला अजून दहा मिनिटं होती, आणि बस आठ मिनिटांनी आली.

डहाणूहून एक कार्ड आलं. मग काही नाही. नवी विहीर शेवटी विनीनं आपल्या बांगड्या मोडून पाडली. पाणी गोड लागलं. ते सांगायचं कोणाला, हा प्रश्न होता.

*

पुढच्या आठवड्यात कोयता दांड्यावरून घसरला तो थेट तिच्या नडगीवर आला. फार नाही, दोन बोटं. तिनं हळद दाबली, फडकं बांधलं आणि लंगडत बाबू लोहाराच्या भट्टीवर जाऊन कोयता त्याच्यापुढं टाकला.

"बाबूदादा, ह्याला भूत लागलंय. सरळ जातच नाय."

बाबूनं कोयता उचलला, डोळ्याशी धरला आणि हसायलाच लागला. भाता ओढणारा भाचा पण भाता सोडून बघायला आला.

"अगो, सरळ जाईल कसा? उतार बघ. आपल्या कोयत्याला धारेचा उतार उजव्या अंगाला असतो, डावं अंग सपाट. ह्याचं उलटं हाय. डाव्या हाताचा कोयता हाय हा. उजव्या हातानं मारलास तर पळणारच." तो डोळे पुसत म्हणाला, "कोणी गंडवली?"

"आगाशीच्या तुळशीदासनं."

"काळजी नको. दुसऱ्या अंगानं घासून उतार फिरवतो. थोडं पातं जाईल, पण तुझ्या हाताचा होईल." त्यानं मूठ ठोकून सैल केली, पातं बाहेर ओढलं. मुठीत बसणाऱ्या शेपटीवरचा गंज अंगठ्यानं पुसला. पुसता पुसता त्याचं हसू कमी होत गेलं.

शेपटीवर तीन टिंबं होती, छिन्नीनं मारलेली.

"ही माझी खूण," बाबू म्हणाला. "विनी, ह्या गावात मी डाव्या हाताचा कोयता एकच केलाय."

भाता बंद होता, त्यामुळे भट्टीत निखारा फुटलेलाही ऐकू आला. विनीनं हात पुढं केला आणि नागडं पातं घेतलं. पंधरा वर्षं घरात असलेली वस्तू ती दोन आठवडे हातात धरून शिव्या देत होती.

"घासू का?" बाबूनं विचारलं.

"नको. मूठ घाल परत."

*

तुळशीदास गिऱ्हाइकाला करवत दाखवत होता. विनीनं कोयता त्याच्या पुढ्यात ठेवला, पातं त्याच्याकडे करून.

"बाई, विकलेला माल परत..."

"परत द्यायला नाय आले. कोणी आणला होता ते सांग."

गिऱ्हाईक करवत ठेवून चालतं झालं. कोयता घेऊन आलेल्या बाईसमोर कोण थांबतो. तुळशीदासनं पान तोंडात डावीकडून उजवीकडे नेलं, पण थुंकायला वळला नाही. ह्या खेपेला विनी त्याचं तोंडच बघत होती.

"गेल्या वर्षी," तो म्हणाला. "नाताळाच्या आदल्या आठवड्यात. डोक्याला पंचा गुंडाळलेला. बराच वेळ समोरच्या पारावर बसून होता. विरारच्या दोन बसा आल्या, गेल्या. उठायचा आणि बसायचा. मग इथं आला. म्हणाला, हा ठेव. विकायचा नाय. पुढच्या नाताळाला येऊन नेतो."

"आणि?"

"मी विचारलं, गाव कुठलं? बोळिंज म्हणाला. मी म्हटलं, मग घरी घेऊन जा की, ही काय पुढंच. तर म्हणाला, घरी रिकाम्या हातानं जायचं नाय, असं ठरलंय. हातात ह्याच्याशिवाय काय नाय, आणि हा तर मी नेलेलाच होता."

"कुठल्या बाजूला गेला?"

"विरारच्याच बसनं. बोळिंजला उतरला का सरळ ठेसनावर गेला, मला काय ठाऊक?"

विनीला ठाऊक होतं. बस बोळिंजला थांबली होती, तो उतरला नव्हता. त्या दिवशी ती कदाचित नाक्यावर मीठ घेत असेल. खिडकीतून तिच्या लुगड्याचा लाल पदर दिसला असेल.

"ठेवायला सांगितला होता ना? मग विकलास कसा?"

"अकरा महिने ठेवला, बाई," तुळशीदास म्हणाला. त्याला पहिल्यांदाच बोलायला जड जात होतं. "मला वाटलं, असं बोलणारी माणसं परत येत नाहीत. मूठ बदलली आणि लावला भिंतीला. घेऊन जा तुमचे पैसे. कोयता टांगून ठेवतो, तो आला की देतो."

विनी विचार करत उभी राहिली. कोयता इथं टांगला तर तो येईल, कोयता घेईल आणि पारावर बसून बसा मोजेल. सॅन्टनला ती ओळखत होती. सरळ दिलेली वस्तू त्यानं कधी सरळ घेतली नव्हती. त्याला आणायचा तर त्याच्याच वाटेनं आणायला पाहिजे.

तिनं कोयता उचलून आकडीत अडकवला.

"तो आला की सांग, कोयता विकला. कोणाला विचारलं की सांग, बोळिंजच्या एका बाईला. ती डाव्या हातानं कापते."

"तुम्ही डाव्या हातानं कापता?"

"अजून नाय. अजून तीन आठवडे हायत. आणि हे पण सांग: हात रिकामेच घेऊन ये म्हणावं. भरलेल्या हातात कोयता कसा धरणार?"

*

डाव्या हातानं कोयता चालवणं म्हणजे म्हातारपणी नव्यानं चालायला शिकणं. पहिल्या दिवशी कोयता केळीला लागलाच नाही, हवेतून फिरून आला. दुसऱ्या दिवशी लागला, पण दुसऱ्याच केळीला. विनी जेवायलाही डाव्या हातानं बसली. सासूच्या पानात पडलेला रस्सा सासूला दिसला नाही, पण ऐकू आला.

"काय चाललंय गो?"

"शिकतेय."

थेरेसाला तिनं काही सांगितलं नव्हतं. न सांगण्यासारखी एक गोष्ट होती: तो इतक्या जवळ येऊन गेला. आणि सांगण्यासारखी गोष्ट अजून घडायची होती.

दुसऱ्या आठवड्यात कोयता दांड्यात सरळ शिरायला लागला. आणि मग तिला एक कळलं. सॅन्टन लोंगर डाव्या खांद्यावर न घेता उजव्यावर का घ्यायचा, वाडीत उलट्या बाजूनं का शिरायचा, पाण्याच्या पन्हळीकाठची केळी नेहमी आधी का कापायचा, ही सगळी त्याची येडपट खोड तिला वाटायची. डाव्या हातात कोयता धरला की ती सगळी खोड सरळ रस्ता होती. ती त्याच्या पावलांवरून चालत होती आणि वाडी तिला रोज थोडी त्याच्या बाजूनं दिसत होती. एका दुपारी तिला त्या झाडांतच इतकी आठवण आली, की कोयता खाली ठेवून ती केळीच्या गार अंगाला पाठ लावून बसली. पाठीवर चिकाचा डाग पडला. तो जात नाही, हे माहीत असून.

त्या गुरुवारी आलोशियसनं अकरा दांडे बघितले आणि तीन बाजूला काढले. पुढच्या गुरुवारी चौदांतला एक.

"आता कोणी कापले?" त्यानं विचारलं.

"उंदीर शिकले," विनी म्हणाली.

तरी अधूनमधून तिला अजून दोन घाव लागत. सॅन्टनला कायम एकच लागायचा.

*

नाताळाला तीन दिवस राहिले. नेवऱ्यांसाठी रवा आणि गूळ आणायला ती सकाळीच आगाशीला गेली. खरं म्हणजे रवा बोळिंजच्या नाक्यावरही मिळायचा. तुळशीदासनं तिला लांबूनच बघितलं आणि दुकान तसंच टाकून रस्त्यात आला.

"येऊन गेला."

विनीच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"कधी?"

"बाजार उघडत होता तेव्हा. भिंतीकडे बघितलं, कोयता नाय. तुम्ही सांगितलंत तसं एकेक सांगितलं मी. डाव्या हातानं कापते म्हटल्यावर हसला. म्हणाला, खोटं. मी म्हटलं, नडगीवर फडकं बांधलेलं मी बघितलंय. मग हसायचा थांबला."

"आणि हात?"

"रिकामे. पिशवी पण नाय."

"रिकामेच ये म्हटलं, ते सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. पारावर बसला बराच वेळ. मग विरारची बस आली, तिच्यात चढला." तुळशीदासनं मान खाली घातली. "बाई, ती बस ठेसनाला पण जाते."

"ठाऊक हाय."

ती स्टँडवर उभी राहिली. बस आली नाही. अर्धा तास थांबली आणि मग रवागुळाची पिशवी डोक्यावर घेऊन चालायला लागली. नडगीची जखम ओढत होती. रस्त्यावरून तिला ओलांडून दोन बैलगाड्या गेल्या, एक सायकल गेली. प्रत्येक वेळी ती मागं बघायची, मग स्वतःवरच चिडायची. तो असला तर पुढं असणार, मागं नाही. चालता चालता तिला वाटलं, आपण नाक्यावर पोचूच नये. जोपर्यंत पोचत नाही तोपर्यंत तो बोळिंजलाच उतरलेला होता.

बोळिंजच्या नाक्यावर कोणी नव्हतं. बाराची घंटा झाली. नाक्यावरच्या दुकानदाराला विचारावं असं वाटलं, पण तिनं विचारलं नाही.

घर आलं. ओटीवर थेरेसा बसलेली, पुढ्यात वालाची परडी. म्हातारी सोलत नव्हती. मान एका बाजूला कलती करून बसली होती, मुलं पडवीत मांजराची पिल्लं ऐकतात तशी.

"विनी?"

"हो, आय."

"तू इथं हायस?"

"आत्ताच आले. आगाशीहून."

"मग वाडीत कोण कापतंय गो?"

विनीनं खुंटीकडे बघितलं. आकडी होती. कोयता नव्हता.

तिनं पिशवी खाली ठेवली. ती पायरीवर बसली, चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या, जणू त्यांचंच काम होतं. वाडीतून, पन्हळीच्या काठाकडून, पोलादाचा आवाज येत होता. थोडा थांबून येत होता. वर्षभर धरला नाही तर कोयता कोणाच्याही हाताला नवा लागतो.

ती वाडीकडे तोंड करून म्हणाली, फार मोठ्यानं नाही, पण केळीच्या पानांपलीकडे जाईल एवढ्यानं,

"सांभाळून. फाटका दांडा आलोशियस परत पाठवतो."

आवाज थांबला. फार वेळ थांबला. म्हातारीचे हात परडीत तसेच, विनीचे गुडघ्यांवर.

मग एक घाव पडला. एकच. आणि मागोमाग भरलेला लोंगर कोणाच्या तरी खांद्यावर टेकल्याचा जड, ओला आवाज.

"फाटला नाय," म्हातारी म्हणाली आणि वाल सोलायला लागली.